तबकडी आहे, वाचणारे यंत्र कोठे आहे?

(घाटंजी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही तालुक्याच्या गावचा जुना दप्तरखाना उघडला की लाल कापडात बांधलेले बस्ते दृष्टीस पडतात. कागद पिवळा पडलेला असतो, कडा कसरीने खाल्लेल्या असतात. तरीही मोडी जाणणारा माणूस समोर बसला की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची नोंद बोलू लागते. २०२३ मध्ये राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला, तेव्हा मोडी वाचकांना एकाएकी केवढी मागणी आली हे सर्वांच्या स्मरणात असेल. त्या नोंदी वाचण्यास डोळे, उजेड आणि लिपीचे ज्ञान एवढे साहित्य पुरेसे ठरले.

त्याच दप्तरखान्याच्या शेजारी, बहुधा जिन्याखाली, आणखी एक ढीग असतो. बंद पडलेले संगणक, गुंडाळलेल्या केबली, खोक्यात भरलेल्या फ्लॉप्या आणि बाजूस काढून ठेवलेल्या हार्ड डिस्का असे त्याचे स्वरूप असते. तेथील नोंदी शंभर वर्षांच्या नाहीत, वीस-तीस वर्षांच्या आहेत. परंतु तेथे डोळे, उजेड आणि लिपीचे ज्ञान मिळूनही काही उपयोग होत नाही. तबकडी हातात असते, तिला ओरखडाही गेलेला नसतो आणि तरीही ती मुकी असते, कारण ती वाचणारे यंत्र उरलेले नसते.

या अडचणीचा सर्वाधिक अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, ती मंडळी जगभर जुने मिनी संगणक दुरुस्त करून पुन्हा चालू करण्याचा उद्योग करतात. वरवर पाहता हा छंद हौशी वाटेल. त्यांच्या कामातून निघालेला धडा मात्र घाटंजीच्या कार्यालयांना आणि शाळांना थेट लागू पडतो, म्हणून त्याचा हा परिचय.

मिनी संगणक म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९६५ पूर्वी संगणक म्हटला की एक सबंध दालन व्यापणारे यंत्र असे. त्या वर्षी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने पीडीपी-८ नावाचे यंत्र आणले, त्याची किंमत १८,००० डॉलर होती. १९७० मध्ये त्याच कंपनीचे पीडीपी-११ आले. ही यंत्रे कपाटाएवढी होती आणि एखादे महाविद्यालय, कारखाना किंवा प्रयोगशाळा ती विकत घेऊ शकत असे.

या कथेत महाराष्ट्राचा वाटा थोडाथोडका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी उभारलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६५ नंतर हे यंत्र वापरातून गेले आणि त्याचे भाग सुटे करण्यात आले, त्यामुळे आज ते जसेच्या तसे पुन्हा चालू करण्याचा प्रश्नच उरलेला नाही. पुढे १९६९ मध्ये तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात बारा बिटांचा टीडीसी-१२ तयार झाला. या अक्षरांचा विस्तार ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ असा आहे, म्हणजे तुर्भ्याचे नावच त्या यंत्रास मिळाले. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने त्याचे उत्पादन केले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास सोळा बिटांचा टीडीसी-३१६ बाजारात आणला.

जुनी यंत्रे चालती ठेवण्याची विद्याही आपल्याला परकी नाही. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनी परदेशात वापरून परत आलेली १४०१ जातीची यंत्रे मुंबईत दुरुस्त करून भारतातील ग्राहकांना भाड्याने देत असे. विकसनशील देशाच्या माथी जुनी यंत्रे मारली जातात अशी टीका त्यावर झाली आणि ती अनाठायी नव्हती. पण त्या निमित्ताने मुंबईत हाताला काजळी लावून शिकलेल्या तंत्रज्ञांची एक पिढी घडली, हेही खरे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील व्यवसाय बंद केला. त्या वेळी देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या शासकीय उपक्रमाने उचलली. मूळ कंपनी देशात नसताना तिची यंत्रे चालती ठेवणे ही आजच्या पुनरुज्जीवनकारांचीच अवस्था होय. अमेरिकेत माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात स्वयंसेवकांनी याच १४०१ जातीची दोन यंत्रे पुन्हा चालू केली आहेत. प्रेक्षकांसमोर त्यांवर पंचकार्डे वाचली जातात, छपाई होते.

आता मूळ विषयाकडे वळू. जुना संगणक दुरुस्त करणारास सर्वांत कठीण काम कोणते? गणित करणारा भाग नव्हे. त्यातील सर्किटांचे नकाशे छापील पुस्तकांत मिळतात, जळलेला भाग शोधता येतो, बदलता येतो. कठीण असते ते डिस्क ड्राईव्ह, म्हणजे तबकडी फिरवून वाचणारे यंत्र. तो विजेचा भाग जेवढा आहे, तेवढाच घड्याळजीच्या हातचा कारभारही आहे.

पीडीपी-११ सोबत वापरले जाणारे आरके-०५ नावाचे ड्राईव्ह उदाहरणादाखल घेऊ. वजन सुमारे ५० किलो. त्यात सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाची, लोहाच्या संयुगाचा लेप दिलेली ॲल्युमिनियमची तबकडी प्लॅस्टिकच्या डब्यासह बसवावयाची. अशा तबकडीवर मावणारी माहिती अवघी अडीच मेगाबाइट. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एकच छायाचित्र पुष्कळदा तेवढी जागा घेते. तबकडी मिनिटाला १,५०० फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकते, येथील वाचनशीर्ष टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते काही मायक्रॉन उंचीवर तरंगते. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो. त्या फटीत धुळीचा कण सापडला तर शीर्ष तबकडीवर आदळते, लेप खरवडला जातो आणि त्यासोबत नोंदही जाते. जिनिंगच्या हंगामात घाटंजीच्या हवेत रुईची कूस कशी तरंगते, हे येथे कोणास सांगावयास नको.

म्हणून जाणता दुरुस्तीकार जुने यंत्र मिळताच बटण दाबत नाही. त्याचा पहिला नियमच तो. प्रथम वीजपुरवठ्याचा भाग वेगळा काढून तपासला जातो, कारण त्यातील कॅपॅसिटर अनेक वर्षे पडून राहिल्याने निकामी झालेले असू शकतात आणि एका सदोष पुरवठ्याने शंभर चांगले भाग जळू शकतात. ड्राईव्हमध्ये एक छोटी बॅटरी असते. वीज एकाएकी गेली तर शीर्षे मागे ओढून घेण्यासाठी तिची योजना केलेली असते. ती गळून आजूबाजूचा धातू खाऊन टाकते. हवा गाळणाऱ्या फिल्टरभोवतीचा स्पंज कुजून त्याची भुकटी होते आणि धूळ अडविणारा भागच धूळ सोडू लागतो. हे सर्व बदलून, शीर्षे शुद्ध अल्कोहोलने पुसून, शीर्षे खाली न आणता ड्राईव्ह बराच वेळ नुसतेच फिरविले जाते. त्यानंतर जिच्यावर काहीच मौल्यवान नाही अशी तबकडी लावून पाहतात. मौल्यवान तबकडीची पाळी सर्वांत शेवटी.

एवढे करूनही ती वाचली जाईलच असे नाही. अनुरूप ड्राईव्ह शोधणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा येथे होतो. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला रेल्वे या जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग ब्रॉडगेजचा, तेथे ते १,६७६ मिलिमीटर. डबा तो डबा, चाक ते चाक, पण एकाचा दुसऱ्यावर चालत नाही. तबकड्यांचे तसेच आहे आणि येथे फसगत अधिक होते, कारण अंतर डोळ्यांना दिसत नाही. पीडीपी-८ आणि पीडीपी-११ या दोहोंच्या तबकड्या बाहेरून सारख्याच दिसतात. पण आतील वर्तुळाचे एकीत सोळा भाग पाडलेले असतात, दुसरीत बारा, आणि त्या भागांच्या खाचा तबकडीच्या मध्यभागीच कोरलेल्या असतात. एकीच्या जागी दुसरी लावली तर यंत्रास अर्थबोध होत नाही. याखेरीज केबल जुळली पाहिजे, संगणक व ड्राईव्ह यांच्यामधील नियंत्रक जुळला पाहिजे आणि तो नियंत्रक त्या विशिष्ट संगणकाच्या जोडणीत बसला पाहिजे.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, त्याच कंपनीचे, त्याच नमुन्याचे ड्राईव्ह मिळूनही काम अडते. ज्या ड्राईव्हवर तबकडी लिहिली गेली त्याची शीर्षे किंचित बाजूला सरकलेली असतील, तर त्याचे लिहिलेले तेच वाचू शकते, दुसरे नाही. एखाद्या जुन्या गुरुजींचे अक्षर फक्त त्यांच्याच विद्यार्थ्यांना लागावे तसे. म्हणून शीर्षे मूळ मापावर आणण्यासाठी कारखान्यात तयार केलेली खास प्रमाण-तबकडी लागते. ती आज दुर्मीळ आहे आणि एका निष्काळजी धक्क्याने कायमची खराब होऊ शकते.

ही ड्राईव्हे मग मिळतात कोठे? विद्यापीठांच्या अडगळीत, निवृत्त अभियंत्यांच्या घरी आणि भंगाराच्या दुकानांत. भंगारात गेलेली बहुधा उशिरा सापडतात, कारण वजनदार ॲल्युमिनियम, तांबे आणि जोडपट्ट्यांवरील सोन्याचा पातळ मुलामा यांची किंमत भंगारवाल्यास आधी कळते.

आता या सर्वांतून निघणारी मुख्य गोष्ट. गेल्या काही दशकांत असे प्रोग्रॅम तयार झाले आहेत की पीडीपी-११ सारख्या संगणकाची संपूर्ण नक्कल आजच्या साध्या संगणकावर उभी राहते आणि जुने प्रोग्रॅम त्या नकलेवर चालतात. ड्राईव्हचीही एका अर्थाने नक्कल होते. जुन्या संगणकाच्या केबलला छोटे सर्किट जोडले की संगणकास वाटते खरे ड्राईव्ह जोडलेले आहे, प्रत्यक्षात सर्व माहिती नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. हे खरे पुनरुज्जीवन की सोंग, असा वाद या मंडळींत रंगतो. संग्रहालयासाठी मूळ यंत्र राखावे आणि रोजच्या कामासाठी सोंग चालवावे, हा व्यवहारी तोडगा सर्वांना मानवण्यासारखा आहे. परंतु एका गोष्टीची नक्कल कोणीही करू शकत नाही. तबकडीच्या लेपावर प्रत्यक्ष उमटलेल्या चुंबकीय खुणा वाचण्यासाठी तिला अनुरूप असे, खरोखर फिरणारे यंत्रच लागते. संगणक गेला तरी तो पुन्हा उभा करता येतो. वाचणारे ड्राईव्ह गेले तर नोंद गेली. आपल्याकडे निर्लेखनाच्या वेळी नेमका याचा विसर पडतो. फ्लॉप्या व हार्ड डिस्का जपून ठेवल्या जातात आणि त्या वाचणारे यंत्र मात्र जागा अडते म्हणून काढून टाकले जाते.

हे भय काल्पनिक नाही, याची दोन उदाहरणे पुरेत. इंग्लंडमध्ये १०८६ मध्ये विल्यम राजाने गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या, कुळे यांची पाहणी करून ‘डूम्सडे बुक’ लिहवून घेतले. तो त्या देशाचा सातबाराच म्हणावयाचा. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी पाहणी केली. हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रे गोळा केली, सहभागी लोकांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. ही माहिती त्या काळच्या अत्याधुनिक लेझर तबकड्यांवर साठविण्यात आली. त्या वाचण्यास एक खास प्लेयर व ठरावीक संगणक लागे. पंधरा-सोळा वर्षांतच असे चालू प्लेयर शोधून मिळेनात. २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी खटपट करून ती माहिती पुन्हा वाचनात आणली. त्या काळात ९०० वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र वाचता येत होते.

दुसरे उदाहरण चंद्राचे. १९६६-६७ मध्ये अमेरिकेच्या पाच लुनार ऑर्बिटर यानांनी काढलेली चंद्राची छायाचित्रे मोठ्या चुंबकीय फितींवर नोंदविलेली होती. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी त्या फिती नष्ट होऊ दिल्या नाहीत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या वाचणारी फ्रिजएवढी अवजड यंत्रे मिळवून कित्येक वर्षे स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००७ मध्ये ती नासाच्या एम्स केंद्रात हलविण्यात आली, तेथे एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या इमारतीत दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे १९६६ चे छायाचित्र पूर्वी कधी न दिसलेल्या स्पष्टतेने बाहेर आले. बाईंनी नुसत्या फिती जपल्या असत्या तर हे झाले नसते.

महाराष्ट्रात तर या अडचणीवर आणखी एक पदर चढतो, तो मराठीचा. तबकडी वाचली गेली तरी अक्षर लागले पाहिजे. १९८० च्या दशकात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्ट तंत्रज्ञान हे संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे मोठे काम होते. त्यासाठी संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी इस्की ही प्रमाण संकेतावली ठरली. पण सर्वत्र तीच वापरली गेली नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टांत मजकूर टंकलिखित झाला. युनिकोड रूढ झाल्यावर आज ती फाइल उघडली आणि तो फॉन्ट संगणकावर नसला, तर ग्रामसभेच्या ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. म्हणजे ड्राईव्हसोबत फॉन्टही सांभाळावा लागतो. हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

जमिनीच्या अभिलेखांबाबत राज्याने वेळीच पाऊल उचलले. सातबारा नव्या यंत्रणेवर आणला गेला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. जी माहिती मोठ्या योजनेत समाविष्ट होती, ती अशी पुढे सरकत गेली. चिंता आहे ती योजनेबाहेर राहिलेल्या माहितीची. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पात ग्रामपंचायतींना संगणक मिळाले. त्यांवर स्थानिक पातळीवर लिहिलेली पत्रे, ठराव, लाभार्थ्यांच्या याद्या कोठे आहेत? शाळेने हौसेने टंकलेखन करून ठेवलेली माजी विद्यार्थ्यांची सूची, सहकारी संस्थेचे जुने हिशेब, एखाद्या शिक्षकाने फ्लॉपीवर साठविलेली गावाच्या इतिहासाची साधने? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर जिन्याखालच्या ढिगाकडे बोट दाखवूनच मिळेल.

१९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्यही अभिलेखात मोडते, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा आहे. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी यंत्रे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच द्यावयाची आहेत. दोन्ही दायित्वे खरी आहेत, क्रम मात्र चुकता कामा नये. आधी वाचन, मग प्रत, मग निर्लेखन. कागदाच्या सहा गठ्ठ्यांत जसे ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम राखले जातात, तसा जडवस्तू नोंदवहीतील प्रत्येक संगणकापुढे ‘आतील माहिती तपासली’ असा शेरा आल्याखेरीज तो लिलावाच्या यादीत जाऊ नये. अशी प्रथा तालुक्यापुरती पाडण्यास स्थानिक पातळीवर फारशी अडचण पडू नये.

प्रत्यक्ष कामात थोडी सावधगिरी हवी. अनेक वर्षे बंद असलेला संगणक उत्साहाने चालू करू नये. आतील हार्ड डिस्क जाणकाराकडून काढून घ्यावी आणि दुसऱ्या संगणकास अडॅप्टरने जोडून वाचावी. जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या डिस्कांसाठीही असे अडॅप्टर मिळतात. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडावयाचे ड्राईव्ह असते. खरी पंचाईत सव्वापाच इंची फ्लॉपीची होते. तिच्यासाठी जुने ड्राईव्हच लागते, म्हणून तालुक्यात कोठेही असे चालू ड्राईव्ह असेल तर ते भंगारात न देता पंचायत समितीत किंवा एखाद्या शाळेत सर्वांच्या उपयोगासाठी राखावे. फ्लॉपी वाचण्यापूर्वी तिच्यावर चुकून काही लिहिले जाणार नाही याची तजवीज करावी. येथे गंमत अशी की सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच चिकटपट्टीने बंद केली की लेखन थांबते, तर साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवली की थांबते. अधिक क्षमतेच्या ड्राईव्हमध्ये जुनी कमी क्षमतेची फ्लॉपी वाचता येते, पण त्यावर लिहिल्यास ती मूळ ड्राईव्हला पुन्हा वाचता येईलच असे नाही.

प्रत घेतल्यावर मूळ वस्तूवर चिठ्ठी लावावी: कोणत्या संगणकाची, कोणत्या प्रोग्रॅमने लिहिलेली, मराठी असल्यास कोणत्या फॉन्टमध्ये, प्रत कोठे ठेवली आणि कोणत्या तारखेस. चिठ्ठी आधी लिहावी आणि मग चिकटवावी, कारण फ्लॉपीवर ठेवून बॉलपेनने दाबून लिहिल्यास आतील तबकडीवर वळ उठतात.